सत्तेचाळीस चित्रं आणि पालखीचा दांडा

दीपकच्या अंगावर एकूण सत्तेचाळीस चित्रं होती. उजव्या हातावर चौदा, डाव्या हातावर अकरा, छातीवर सात, मानेवर दोन, दोन्ही पायांवर मिळून बारा आणि पाठीवर एक. त्याच्या धाकट्या बहिणीनं, अंकितानं, ती दोनदा मोजली आणि दोन्ही वेळा आकडा सारखाच आला. अडली ती फक्त एका वेलीपाशी. ही वेल डाव्या कोपरापासून निघून दंडावरून छातीवर उतरत होती. ती हाताची धरायची की छातीची? रेघ कुठंही तुटत नव्हती, म्हणून अंकितानं ती एकच धरली आणि जिथून निघते त्या हाताच्या खात्यात लिहिली.

"झालं का गो?" दीपकनं विचारलं. मागच्या पडवीत तो चड्डीवर उभा होता आणि सकाळच्या गारव्यानं त्याच्या अंगावरच्या वाघालाही काटा आला होता.

"हलू नको. पाय परत बघते."

"पाय कशाला? पायावर धोतर येणार हाय."

"रावजी आबांनी अंगावरचं सगळं सांगितलंय. पाय अंगातच येतात."

निरोप गावकर, म्हणजे वाडीचे प्रमुख, रावजींचा होता. करंजकोंड म्हणजे पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत बसलेली एकेचाळीस घरांची वाडी. त्यातल्या निम्म्या घरांची कुलपं शिमग्यालाच निघायची. वाघजाईची पालखी देवळातून उचलायचा मान चार घरांचा होता, चार घरांचे चार खांदे. पुढचा उजवा दांडा मालोजी उतेकरांच्या घराचा. मालोजींनी तो एकतीस वर्षं वाहिला होता. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी ओझं उचलायला सक्त मनाई केली. आता दांडा त्यांच्या मुलाकडे, दीपककडे यायचा.

अडचण एकच होती. पहिल्या दिवशी पालखी उचलणाऱ्यानं वरून उघडं असायचं, हा वाडीचा जुना रिवाज. आणि दीपक गेली पाच वर्षं गावात आला की लांब बाह्यांचा, बंद गळ्याचा शर्ट घालून वावरायचा. ठाण्याला तो टॅटूच्या दुकानात कारागीर आहे, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पण गिऱ्हाइकांच्या अंगावर सुई चालवणारा हा पोरगा स्वतः मानेपासून पोटरीपर्यंत चितारलेला आहे, हे कुणाला माहीत नव्हतं. महिन्यापूर्वी त्याच्या दुकानाचा एक व्हिडिओ फिरत फिरत वाडीच्या ग्रुपवर येऊन पडला. त्यात दीपक उघडाबंब. दुसऱ्याच दिवशी रावजींचा निरोप आला: "अंगावर काय हाय आन् किती हाय ते आधी कळू दे. मग गावकी बसंल."

गावकीनं नाही म्हटलं, तर दांडा चुलत्याच्या घरात, मुरारीकडे जाणार होता. आणि एकदा दुसऱ्या घरात गेलेला दांडा परत येत नाही, हाही वाडीचाच रिवाज होता. मुरारीच्या आजोबांनी डावा मागचा दांडा एका वर्षासाठी म्हणून सोडला होता. त्याला आता बावन्न वर्षं झाली.

म्हणून अंकिता महाडहून तीन दिवसांची रजा टाकून आली होती. ती रसायनशास्त्राची पदवीधर. महाडला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि मोजणं हा तिच्या हातचा मळ होता. कालच वीस मार्च, चवदार तळ्याच्या वाटेला माणसांचा पूर लोटलेला. डेपोतून गाडी सुटायलाच दीड तास लागला. त्या दीड तासात तिनं वहीत रकाने आखून ठेवले होते.

पायांची मोजणी परत बारा आली. डाव्या पोटरीवरची चित्रं मात्र ओबडधोबड होती. एक चांदणी वाकडी, एक पान एका बाजूला फुगलेलं, एका होडीला शीडच नाही.

"ही कुणी काढली?"

"मीच. शिकताना." दीपकनं पाय पुढे घेतला. "पहिलं वरीस दुसऱ्याच्या अंगाला सुई लावली नाय मी. सगळे डुकराच्या कातड्यावर नायतर रबरावर हात बसवतात. मी माझ्या पोटरीवर बसवला. दुखतं किती, शाई किती खोल जाते, हे रबर काय सांगणार?"

अंकितानं ते लिहून घेतलं नाही, पण तिला ते पटलं. मग तिला उजव्या खांद्यावर एक जागा दिसली. आजूबाजूला सगळी नक्षी, आणि मधेच तळहाताएवढी कोरी कातडी. तिनं पट्टी लावली. अकरा सेंटिमीटर बाय नऊ.

"इथं का सोडलंस?"

"तिथं दांडा येणार ना. घासून घासून शाई फिकी पडते. काम फुकट जाईल."

हे तो अशा आवाजात म्हणाला, की जणू उद्या सूर्य कुठून उगवणार ते सांगतोय.

चंद्राबाई चहा घेऊन आल्या. मुलाला असं उघडं त्यांनी कितीतरी वर्षांनी पाहिलं होतं. कपबशा कट्ट्यावर ठेवून त्यांनी त्याच्या दंडावरच्या वाघाला बोट लावून पाहिलं. रंग बोटाला लागतो की काय असं. मग त्याला पाठमोरा फिरवला. पाठभर वाघजाईचं रूप होतं, म्हणजे पालखीत बसवतात तो चांदीचा मुखवटा: मोठे डोळे, मळवट, नथ, गळ्यात माळा.

"दुखलं का रे?"

"थोडं."

"थोडं म्हंजे किती?"

"पाठीला सहा बैठका लागल्या. बत्तीस तास."

"बत्तीस तास पालथा पडून राह्यलास?" चंद्राबाईंनी कपाळाला हात लावला. "पुस्तक घेऊन कधी बत्तीस मिंटं बसला नायस मेल्या!"

अंकिताला हसू आवरेना. ओटीवर बसलेल्या मालोजींना मात्र हसू आलं नाही. ते आतल्या दारातून पडवीकडे पाहत होते. शेवटी तिथूनच म्हणाले, "पोरं भितीवर कोळशानं रेघा मारतात तेव्हा आपण काय म्हणतो? शाब्बास म्हणतो?"

"बाबा, ही कला हाय."

"कला भितीवर टांगतात. आवडली नाय तर उतरून ठेवतात. तू काय उतरशील?"

"उतरायचंच नाय. म्हणून तर जपून काढायची."

मालोजींनी सदऱ्याचं वरचं बटण सोडलं आणि उजवा खांदा मोकळा केला. एकतीस शिमग्यांचा घट्टा तिथं बसला होता. मुठीएवढा, काळसर, कासवाच्या पाठीसारखा.

"ह्ये बघ. माझ्या बी अंगावर एक चित्र हाय. आई वाघजाईनं काढलंय. पैसा घेतला नाय, आन् मी मागितलं बी नव्हतं."

वडलांचं म्हणणं दीपकला पटलं नव्हतं, पण घट्टा त्यानं नीट निरखून पाहिला. कारागिराची सवय.

गावकी चार वाजता सहाणेवर बसली. सहाण म्हणजे देवळासमोरचा, पालखी टेकवायचा दगडी चौथरा. पुरुष चौथऱ्यावर, बायका देवळाच्या पायऱ्यांवर. गुरवाची बायको बनुबाई पायरीवर बसून उद्याच्या माळा ओवत होती. वर्षभर पेटीत असणारं रूप बाहेर काढून, चिंचेनं घासून, त्याला नथ-डोरलं घालायचं काम तिचं. पन्नास वर्षं तिनं ते केलं होतं.

अंकितानं वहीतून आकडे वाचून दाखवले. सत्तेचाळीसचा आकडा ऐकून पायऱ्यांवर कुजबुज झाली.

"एवढी तर शाळेच्या भितीवर पण नायत," कुणीतरी म्हणालं.

"शाळेची भिंत गेल्या वर्साच धुतली," दुसऱ्यानं सांगितलं. "ह्ये धुतलं जातंय का विचारा."

रावजींनी हात वर करून गलका थांबवला. ते ऐंशीचे, पण नजर अजून तेज. "शर्ट काढ रे पोरा. ऐकीव गोष्टीवर न्याय नको."

दीपकनं शर्ट काढला, घडी घालून चौथऱ्याच्या कडेला ठेवला आणि सहाणेच्या मधोमध उभा राहिला. खाली मान नाही की छाती काढणं नाही, बाजारात मापाला उभं राहावं तसा सरळ. रावजी काठी टेकत त्याच्याभोवती एक फेरी मारून आले, वाघाशी थांबले, वाकून पाहिलं.

"वाघ बरा हाय. पण मिशा मांजराच्या वाटतात."

सगळी सहाण हसली. दीपकही हसला. "वाघाचा फोटो बघून काढल्यात आबा."

"फोटोतल्या वाघाला काय, तो उपाशी नसतो."

पोलादपूरच्या शाळेत चित्रकला शिकवणारे सुशांत सर जावई म्हणून शिमग्याला वाडीत आलेले होते. रावजींनी त्यांना पुढे बोलावलं. "सर, तुमी ह्यातले जाणकार. ही कला हाय का नुसती खाज, ते सांगा."

सरांनी चष्मा पुसला. ते कुणाच्याच बाजूनं बोलायचं ठरवून आले नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. "हात उत्तम आहे," ते म्हणाले. "पाठीवरच्या चेहऱ्यातली छाया बघा. चांदीवर उजेड कसा पडतो ते ज्यानं काढलंय त्याला कळलेलं आहे. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला हे जमणार नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. पण एक चित्र म्हणून बघाल, तर मला हे अंग आवडलं नाही. चित्राला मोकळी जागा लागते. इथं एक संपत नाही तोवर दुसरं सुरू. डोळ्याला कुठं टेकायलाच मिळत नाही."

अंकिताला वाटलं, दादा आता चिडणार. पण दीपक विचार करत होता.

"बरोबर हाय सर. पण कागद एकदम अख्खा मिळतो. अंग तसं नाय मिळत. दहा वर्षं, वर्षाला चार-पाच. एकोणिसाव्या वर्षी काढलेलं एकोणतिसाव्या वर्षी पण तिथंच असतं. जागा संपत आली की कळतं, आधी नीट वाटणी करायला हवी होती."

"म्हणजे चूक मान्य?"

"मान्य. खोडता येत नाय, म्हणून तर पुढचं जास्त विचार करून काढतो. तुम्ही खोडरबर वापरता ना सर?"

"वापरतो."

"मी नाय वापरत."

सरांनी मान डोलावली आणि जागेवर जाऊन बसले. हार कुणाची झाली हे पायऱ्यांवरच्या बायकांना कळलं नाही, पण बोलणं झकास झालं यावर त्यांचं एकमत होतं.

मग मुरारी उठला. चाळिशीचा, तुडीलच्या बाजूला भाताची शेती करणारा, सरळ माणूस. त्याला दांडा हवा होता आणि ते तो लपवत नव्हता. "मला चित्रातलं काय कळत नाय. मी दोनच गोष्टी सांगतो. एक: पालखी निघाली की लोकांची नजर कुठं जायला हवी? आईच्या रूपावर. ह्याला उघडा पुढं उभा केला, तर लोक फोटो कुणाचा काढतील? सांगा ना! आन् दुसरी: ह्याच्या पाठीवर आपली आई हाय. हा खुर्चीला टेकतो, आईला टेकतो. रात्री उताणा पडतो, आईवर पडतो. हे चालतं का तुमाला?"

दुसऱ्या मुद्द्यानं सहाण गंभीर झाली. पहिल्यावर वाद घालता आला असता. दीपकच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच रंग चढला. "मी अपमान म्हणून नाय काढली," तो म्हणाला. "ठाण्याला देवळात जायला मिळत नाय. जवळ असावी म्हणून काढली."

"जवळ म्हंजे खिशात ठेवतात रे. गादीखाली नाय!" मुरारी म्हणाला.

तेवढ्यात बनुबाईनं हातातली माळ खाली ठेवली, पदराच्या टोकाला बांधलेला चष्मा सोडून डोळ्यांवर चढवला आणि पायऱ्या उतरून सहाणेवर आली. दीपकच्या पाठीशी उभी राहून तिनं निवांत पाहिलं. मग विचारलं, "ही कुणाची आई म्हणायची?"

"आपली, बनुकाकी. वाघजाई."

"नथ कुठल्या अंगाला हाय रे?"

"डाव्या."

"उजव्या हाय. आन् आपल्या आईच्या डाव्या गालाला पोचा हाय, माझ्या सासऱ्याच्या हातनं रूप पडलं होतं तेव्हाचा. बोटानं लागतो मला, दर वर्साला घासताना. तुझ्या ह्या बाईचा पोचा उजव्या गालाला हाय." बनुबाईनं चष्मा काढला. "ही आपली आई नाय. कोण हाय मला म्हाइत नाय."

दीपकनं मान वळवून स्वतःच्याच पाठीकडे पाहायचा प्रयत्न केला, जे कुणालाच जमत नाही. "असं कसं होईल काकी? तीन वर्षं बघतोय. नथ डावीकडंच हाय."

"कशात बघतोस?"

"आरशात."

पायऱ्यांवर बसलेल्या अंकितानं मोबाइल काढला आणि चार वर्षांपूर्वीच्या शिमग्यातले फोटो वर सरकवत गेली. पालखी घरी आली होती तेव्हाचा तो फोटो सापडला: मागे अंगणात पालखी, तिच्यात रूप, आणि कोपऱ्यात दात काढून हसणारी ती स्वतः. दादाला शिमग्याला यायला मिळालं नव्हतं, म्हणून तिनंच तो त्याला पाठवला होता. तिच्या अंगात कॉलेजचा टी-शर्ट होता. तिनं फोटो मोठा केला. टी-शर्टावरची अक्षरं उलटी होती.

सकाळी तिनं त्या पाठीला नाक घासावं इतक्या जवळून मोजणी केली होती. पाठीवर एक, असं लिहून पुढे गेली होती.

ती उठून सहाणेवर गेली. बायका सहसा तिथं जात नसत, पण बनुबाई आधीच उभी होती म्हणून कुणी काही म्हणालं नाही.

"चूक दादाची नाही," ती म्हणाली. "माझी आहे. हा फोटो मी काढला, स्वतःकडे तोंड करून, पुढच्या कॅमेऱ्यानं. माझ्या त्या मोबाइलमध्ये असा फोटो आरशातल्यासारखा उलटा राहायचा. हे बघा, शर्टावरची अक्षरं." तिनं मोबाइल रावजींच्या हातात दिला. तो हातोहात फिरला. "दुकानातल्या माणसानं याच फोटोवरून पाठ काढली. तो बंगालचा. नथ कुठल्या बाजूला असते हे त्याला ठाऊक नव्हतं. आणि दादानं पाठ बघितली ती आरशात. आरसा उलट्याचं पुन्हा उलटं करतो. म्हणून त्याला ती तीन वर्षं बरोबर दिसली."

"पण पाठीचे फोटो काढलेले ना आम्ही," दीपक पुटपुटला. "दुकानाच्या पेजवर टाकलेत. शंभरदा बघितलेत." तो थांबला. "शेडिंग बघत होतो."

सुशांत सर एकटेच मोठ्यानं हसले आणि मग त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं.

"बत्तीस तास," पायरीवरून चंद्राबाई म्हणाल्या. "दुसऱ्याच बाईसाठी."

आता मात्र सहाण, पायऱ्या, देवळामागची पोरं, सगळीच हसायला लागली. हसू ओसरेपर्यंत मुरारी उभाच होता. "हसण्यावारी न्हेऊ नका. म्हंजे देवी बी चुकीची! हा तर डबल अपमान झाला."

"थांब रे मुरारी," रावजींनी काठी आपटली. "मघाशी तू म्हणालास, पाठीवर आई हाय, हा तिच्यावर झोपतो. आता बनुबाई म्हणते, ही आई नाय. आईला घासणारी, सजवणारी ती. तिचा शब्द मोठा. मग हा झोपतो कुणावर? आई हाय म्हणून एक गुन्हा आन् आई नाय म्हणून दुसरा, असं दोनी कडनं नाय धरता यायचं. एक कायतरी ठरव."

मुरारीनं विचार केला. तो सरळ माणूस होता. "बरं. आईचं सोडलं. पण पहिल्या गोष्टीचं उत्तर कुणी दिलंच नाय. नजरेचं."

"त्याचं उत्तर माझ्याकडं नाय, मुरारीकाका," दीपक म्हणाला. "लोक बघतील. मी त्यांचे डोळे नाय धरू शकत. मी गप खाली बघून चालेन, एवढंच माझ्या हातात हाय."

सगळ्यांच्या नजरा मालोजींकडे वळल्या. दांडा अजून त्यांच्याच नावावर होता. काठीवर भार देऊन ते उठले. अंकिता आधार द्यायला सरसावली, तिला त्यांनी हातानं थांबवलं.

"मला ह्यातलं एक बी आवडलेलं नाय," ते म्हणाले. "सत्तेचाळीसातलं एक बी. सकाळपास्नं बघतोय, सवय होते का म्हणून. नाय झाली. उद्या बी व्हायची नाय. पण मी हितं माझी आवड सांगायला आलो नाय. आवडीनिवडीवर दांडा चालत असता, तर ह्या मुरारीच्या बापानं मला एक वरीस चालू दिला नसता. त्याला माझं तोंड आवडत नव्हतं."

"खरं हाय," मुरारी म्हणाला. "म्हणायचा तसं."

"दांडा घराचा हाय. घरात खांदा हाय. चित्र आवडलं नाय तरी खांदा माझ्या पोराचाच हाय. आता ऱ्हायली नजर. नजर जायची ती आईवरनं जाणार. तुमच्यावरनं नाय, माझ्यावरनं नाय. तर मग तिलाच विचारा, तुला चालतं का."

कौल लावायचा ठरला. वाडीत कुठलंही कोडं सुटेनासं झालं की देवळातल्या पाषाणाच्या, म्हणजे आईच्या दगडी मूर्तीच्या, दोन्ही खांद्यांवर पाण्यानं एकेक कळी चिकटवायची आणि आधी कुठली पडते ते बघायचं. उजवी म्हणजे हो, डावी म्हणजे नाही. मोरू गुरव तगरीच्या कळ्या तोडून घेऊन आला.

"प्रश्न नीट मांडायला हवा," रावजी म्हणाले. "गेल्या खेपेला विहिरीचं विचारलं, तर पाणी लागंल का विचारलं. किती लागंल ते विचारायचं ऱ्हाऊन गेलं. अंकिता, तू मांड गो."

अंकितानं वहीत आधी एक वाक्य लिहिलं, खोडलं, दुसरं लिहिलं. "उद्या पुढचा उजवा दांडा दीपकच्या उघड्या खांद्यावर द्यायचा का? एवढंच. चित्रं चांगली की वाईट, कला आहे की नाही, ते विचारायचं नाही."

"का?" सुशांत सरांनी विचारलं.

"त्यावर आपलं आपल्यातच ठरलेलं नाही. एका कळीनं दोन प्रश्न सुटणार नाहीत."

"आन् जे निघेल ते दोघांनी मानायचं," मुरारीनं पुस्ती जोडली. "परत कौल नाय. पुढच्या वर्साला बी नाय."

"मान्य," दीपक म्हणाला.

"मला बी मान्य. पण एक सांगा," मुरारी म्हणाला, "उजवी म्हंजे कुणाची उजवी? आईची का बघणाऱ्याची? आज एकदा घोटाळा झालाय, आधीच ठरवून घ्या."

"आईची," रावजींनी निकाल दिला. अंकितानं ते वहीत लिहून त्याखाली रेघ मारली.

गाभाऱ्यात मोरू, रावजी, मुरारी आणि दाराशी अंकिता. दीपक बाहेर सभामंडपात, अजून उघडाच, वडलांच्या शेजारी. अंकितानं कळ्या बघायला मागितल्या. एक जड असली, तर ती आधी घसरणार. यात आईचा काही संबंध नाही.

"आईचा कौल हाय गो, तुझी लॅब नाय," मोरू कुरकुरला, पण त्यानं हात पुढे केला. दोन कळ्या शेजारी शेजारी धरल्या तर एक किंचित लांब निघाली. ती मुरारीनंच बदलली. दुसरी शोधून, मापून, देठ सारखे खुडून त्यानं मोरूच्या तळहातावर ठेवली.

मोरूनं पाषाणावर पाणी शिंपडलं, दोन्ही खांद्यांवर कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. नेहमीची लांबलचक सुरुवात झाली: डोंगराची, नदीची, वाडीत असलेल्यांची आणि मुंबईला गेलेल्यांची नावं घेऊन. मग अंकिताचं वाक्य, शब्दाला शब्द. अंकितानं मोबाइलवरचं घड्याळ चालू केलं.

समईची वात जराशी तडतडली. पाषाणावरून पाण्याचा एक थेंब आईच्या डाव्या खांद्यावरच्या कळीशी आला, थांबला आणि तिला वळसा घालून खाली गेला. मुरारीनं श्वास धरून ठेवला होता तो सोडला आणि पुन्हा धरला. बाहेर कुणीतरी खोकलं, त्याला दुसऱ्यानं गप्प केलं. कळ्या जिथल्या तिथं होत्या. अंकिताच्या लक्षात आलं, की ती पाण्याचा आणि पृष्ठताणाचा विचार करतेय, आणि त्याच वेळी तिच्या डाव्या हाताची मूठ इतकी घट्ट वळलीय की नखं तळव्यात रुतताहेत.

आईच्या उजव्या खांद्यावरची कळी चार मिनिटं एकावन्न सेकंदांनी पडली. डावी बाराव्या मिनिटालाही जागेवर होती.